सहारच्या धावपट्टीवरचे स्टारलिफ्टर : १९९१च्या इंधन-परवानगीचं प्रकरण

परक्या देशाचं लष्करी मालवाहू विमान आपल्या विमानतळावर उतरतं, टाक्या भरून घेतं आणि निघून जातं. कुणी गोळी झाडत नाही, कुणी तळ ठोकत नाही. तरीही जानेवारी-फेब्रुवारी १९९१मध्ये अशा तेल भरण्यावरून दिल्लीत सरकारच्या खुर्चीचे पाय हलले. अमेरिकन हवाई दलाची सी-१४१ स्टारलिफ्टर विमानं फिलिपिन्सकडून येत, मुंबई, मद्रास किंवा आग्रा इथे इंधन घेत आणि इराकविरुद्धच्या मोहिमेसाठी आखाताकडे जात. हे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं, महिनाअखेरीस वर्तमानपत्रांत फुटलं आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बंद पडलं. जेमतेम सहा आठवड्यांचा खेळ.

या प्रकरणाकडे बहुतेक लोक ‘अलिप्ततावादाचा शेवट’ म्हणून बघतात. मला तो शिक्का घाईचा वाटतो. यातली खरी गोष्ट परवानगीच्या कागदाची आहे: तो कोण देतं, कुणाला विचारून देतं, आणि दिल्यावर सांगतं की लपवतं.

आधी त्या कागदाबद्दल. १९४४च्या शिकागो करारात नागरी विमान आणि ‘सरकारी’ विमान यांत स्पष्ट रेघ मारलेली आहे. लष्कर, जकात आणि पोलीस यांची विमानं सरकारी धरली जातात, आणि कराराच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे असं विमान दुसऱ्या देशाच्या परवानगीशिवाय तिथल्या आकाशातून जाऊ शकत नाही, उतरणं तर दूरच. प्रवासी विमानांना परस्पर करारांमुळे जी सवय झालेली असते, ती लष्करी विमानाला नसते. त्याच्यासाठी दूतावासामार्फत अर्ज जातो, परराष्ट्र खात्याकडून तो फिरतो, आपल्याकडे हवाई दलाच्या मुख्यालयाचा होकार लागतो आणि मग एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसेल तर नियंत्रण कक्ष विचारणारच. म्हणजे परकं लष्करी विमान ‘सहज’ कधीच उतरत नाही. ते धावपट्टीवर दिसलं, याचा अर्थ कुठेतरी कुणीतरी सही केलेली आहे. १९९१चा सगळा वाद त्या सहीभोवती फिरला.

ही सही समजायला पाच महिने मागे जावं लागतं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळलं. तिथे आणि इराकात मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार होतं आणि परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दाम हुसेन यांनी त्यांना मारलेल्या मिठीचा फोटो पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या पाठीशी लागला. पण त्या मिठीतून माणसं सुटली, हेही खरंच. लोक बसने, ट्रकने वाळवंट तुडवत जॉर्डनच्या अम्मानपर्यंत आले आणि तिथून एअर इंडियाने जवळपास दोन महिने, ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून जास्त माणसं मायदेशी आणली. त्यातली बहुतेक विमानं मुंबईच्या सहार विमानतळावर उतरली. पिशव्या, एखादी बॅग, नाहीतर रिकामे हात घेऊन उतरलेल्या त्या माणसांमध्ये केरळचे लोक सर्वांत जास्त होते, पण कोकणातले आणि गोव्यातलेही होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमान वस्त्यांमधून आखातात नोकरीला जाणं हा तेव्हा एका पिढीचा रिवाज झाला होता.

यात एक तपशील आहे, जो पुढच्या प्रकरणासाठी लक्षात ठेवावा. सुरुवातीला आपणही हवाई दलाची विमानं पाठवली होती. पण लष्करी विमान म्हटलं की दर फेरीला दुसऱ्या देशांच्या आकाशाची परवानगी मागत बसावं लागे, म्हणून सरकारने मोर्चा एअर इंडियाकडे वळवला. नागरी विमानांचा कागद सोपा होता. ऑगस्टमध्ये आपण दुसऱ्यांच्या दारात लष्करी विमानाचा अर्ज घेऊन उभे होतो, जानेवारीत आपल्या दारात तसाच अर्ज घेऊन अमेरिका उभी राहिली.

मधल्या काळात तेलाने कंबरडं मोडलं. लढाईआधी पिंपाला पंधरा-वीस डॉलरांच्या दरम्यान फिरणारा भाव ऑक्टोबरात चाळीसच्या आसपास गेला. आखातातून येणाऱ्या मनिऑर्डरी आटल्या, कारण पाठवणारे परत आले होते. ऑक्टोबर १९९०मध्ये इंधनाचे दर पाव पटीने वाढवावे लागले. मंडल आयोग, रथयात्रा, दंगली या सगळ्यात विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार नोव्हेंबरमध्ये पडलं आणि १० तारखेला चंद्रशेखर पंतप्रधान झाले. त्यांच्यामागे फुटून आलेले साठेक खासदार होते. बाकीचा सगळा भार राजीव गांधींच्या काँग्रेसने बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार म्हणा ना. जानेवारी १९९१मध्ये परकीय चलनाची गंगाजळी सव्वा अब्ज डॉलरांच्या खाली आली होती. तीन आठवड्यांची आयात भागेल, इतकीही नव्हे. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताला सुमारे १.८ अब्ज डॉलरांचं कर्ज मंजूर केलं.

आणि त्याच महिन्यात स्टारलिफ्टर उतरू लागले.

नकाशा पुढे घेतला की अमेरिकेला भारताची गरज का पडली हे कळतं. आशियातला तिचा मोठा हवाई तळ फिलिपिन्समधला क्लार्क. तिथून मद्रास साधारण ४,३०० किलोमीटर, मुंबई ५,०००. मुंबईहून सौदी अरेबियातलं धहरान २,५०० किलोमीटर. म्हणजे भारतावरून गेलं तर एकूण प्रवास साडेसात हजारांच्या घरात. भारत टाळून दक्षिणेला हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरून वळसा घातला तर तोच प्रवास दहा हजारांवर जातो. शिवाय चिमुकल्या दिएगो गार्सियाची धावपट्टी तेव्हा बी-५२ बाँबर्सच्या कामाला जुंपलेली होती. सी-१४१ला हवेत इंधन घेता येत असे, पण युद्धकाळात हवेतले टँकर लढाऊ विमानांसाठी राखलेले असतात. सामान वाहणाऱ्या हमालाला कोण विचारतो! जड वजन लादल्यावर या विमानाची झेप पाच हजार किलोमीटरच्या आतच राहते. मधे थांबणं भागच होतं, आणि नेमक्या अंतरावर मद्रास व मुंबई. आग्र्याचं कारण थोडं वेगळं. तो आपल्या हवाई दलाचा मालवाहू विमानांचा मुख्य तळ, त्यामुळे तिथे परक्या हमालाचीही सोय लावणं सोपं.

स्टारलिफ्टर हे विमान दडवण्यासारखं मुळीच नाही. पंख पाठीवर बसवलेले, त्यांच्याखाली चार जेट इंजिनं, शेपूट उंच उभी आणि तिच्या टोकाला आडवी पट्टी. अंगावर गडद रंगांचे पट्टे. पोटात सत्तर टनांच्या आसपास इंधन मावतं. लॉकहीडने ते १९६०च्या दशकात बनवलं, १९६३ साली पहिल्यांदा उडवलं. व्हिएतनामला सैनिक नेणं आणि शवपेट्या परत आणणं हे काम त्याने वर्षानुवर्षं केलं. आखाती युद्धात अमेरिकेच्या हवाई वाहतुकीच्या सर्वांत जास्त फेऱ्या याच जातीच्या विमानांनी मारल्या. आता असं धूड मुंबईसारख्या शहरात उतरवायचं आणि कुणाला कळू नये अशी अपेक्षा ठेवायची! मुंबईच्या मुख्य धावपट्टीकडे येणारं विमान घाटकोपर आणि कुर्ल्याच्या डोक्यावरून इतकं खाली येतं की गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलतात. जरीमरीची वस्ती तर धावपट्टीच्या कुंपणाला खेटून आहे. तिथली पोरं कुठलं विमान कुठल्या कंपनीचं ते आवाजावरून सांगतात. आग्र्यात लष्करी कुंपणाआड काही दिवस झाकलं गेलं असतं. मुंबई-मद्रासच्या नागरी विमानतळांवर लोडर, क्लीनर, तेल कंपनीचे ड्रायव्हर, टॅक्सीवाले, प्रवासी या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेली गोष्ट गुप्त कशी राहणार? सरकारने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला तो इथे.

बातमी आली तेव्हा युद्ध सुरू होऊन दीड आठवडा झाला होता. १७ जानेवारीपासून बगदादवर बाँब पडत होते आणि ते पहिल्यांदाच दूरदर्शनच्या पडद्यापर्यंत पोचत होते. देशात, विशेषतः मुसलमान समाजात, इराकी जनतेबद्दल कळवळा होता. डाव्या पक्षांना अमेरिका आवडत नव्हतीच. अशा हवेत ‘अमेरिकन विमानं आपल्या तेलावर बाँब टाकायला जातात’ हे वाक्य वणव्यासारखं पसरलं. डावे उठले, जनता दल उठलं आणि महत्त्वाचं म्हणजे राजीव गांधींनीही विरोधाची भूमिका घेतली. ज्यांच्या खांद्यावर सरकार उभं, तेच खांदा झटकू लागले.

सरकारचे बचाव होते तरी काय? पहिला असा की विमानांत मारक शस्त्रास्त्रं नाहीत, इतर सामान आहे. हा बचाव मला सर्वांत लंगडा वाटतो. युद्धात पावाचा तुकडाही युद्धसामग्रीच असतो. सैन्य पोटावर चालतं, हे पानिपतावर उपाशी लढलेल्यांच्या वारसांना कुणी सांगायला नको. शिवाय विमान उघडून बघितल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं, आणि लष्करी विमान यजमान देश सहसा उघडून बघत नाही. दुसऱ्या देशाचं सरकारी विमान म्हणजे जवळजवळ त्याच्या सार्वभौमत्वाचा हलता तुकडा. दूतावासाने दिलेल्या निवेदनावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हाती फारसं काही उरत नाही.

दुसरा बचाव, लष्करी विमानांची ये-जा आधीच्या सरकारपासून चालूच होती, आम्ही नवीन काही केलं नाही. यात तथ्य होतं, पण अर्धंच. शांततेच्या काळात दोन देशांची विमानं एकमेकांच्या आकाशातून जातात, अधूनमधून उतरतातही. जुनी वहिवाट म्हणून शांततेतली सवलत युद्धाच्या पहिल्या दिवशी आपोआप तशीच पुढे नेता येत नाही. शेजाऱ्याला आपल्या अंगणातून रोज जाऊ देणं वेगळं, आणि तो कुणाशी मारामारी करायला निघाला असताना जाऊ देणं वेगळं.

गंमत अशी की सर्वांत भक्कम बचाव हाताशी होता आणि सरकारने तो कधी ठामपणे पुढे केला नाही. २९ नोव्हेंबर १९९०च्या सुरक्षा परिषदेच्या ६७८ क्रमांकाच्या ठरावाने इराकला १५ जानेवारीची मुदत दिली होती. त्याच ठरावात सर्व देशांना या कारवाईसाठी योग्य ते साहाय्य देण्याची विनंती होती. सोव्हिएत संघानेही ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं, चीन तटस्थ राहिला, विरोधात फक्त क्यूबा आणि येमेन. आणि १ जानेवारी १९९१पासून भारत स्वतः सुरक्षा परिषदेचा दोन वर्षांसाठी सदस्य झाला होता. ‘संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून आम्ही इंधन देतो, यादी ही, अटी या’ असं पंतप्रधानांनी नऊ जानेवारीच्या सुमारास उभं राहून सांगितलं असतं, तर भांडण झालंच असतं, पण ते धोरणावर झालं असतं. चोरी पकडल्यासारखं झालं नसतं.

इथे ‘अलिप्त’ आणि ‘तटस्थ’ या दोन शब्दांचा गोंधळ सोडवायला हवा. आपल्याकडे भाषणांत ते एकाच अर्थाने फिरवले जातात. तटस्थता ही कायद्यातली स्थिती आहे. १९०७च्या हेग करारानुसार तटस्थ देशाच्या भूमीवरून लढणाऱ्या पक्षाने सैन्य वा युद्धसामग्री नेऊ नये, आणि तटस्थ देशाने ती नेऊ देऊ नये. अलिप्तता ही धोरणातली गोष्ट: कुठल्याही गटाशी आधीच गाठ बांधायची नाही, वेळ येईल तसं ठरवायचं. भारताने स्वतःला स्वित्झर्लंडसारखं तटस्थ कधी म्हणवून घेतलं नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा १९६२चा. नोव्हेंबरमध्ये चीनने सेला आणि बोमडिला घेतल्यावर नेहरूंनी १९ तारखेला केनेडींना दोन पत्रं लिहून लढाऊ विमानांची मदत मागितली. ती पत्रं कितीतरी वर्षांनी उजेडात आली. पण मालवाहू विमानं त्याच दिवसांत आली. अमेरिकेच्या बारा सी-१३० हर्क्युलिस आपल्या वैमानिकांसकट, आपल्याच रंगात भारतात दाखल झाल्या आणि लडाख व आसामच्या बाजूला सैन्य आणि रसद वाहू लागल्या. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. त्या हाकेला इंजिनांची घरघर लावून दुसरंही कुणीतरी धावलं होतं, एवढं मात्र आपण सोयीने विसरतो. पुढच्या वर्षी ‘शिक्षा’ नावाचा हवाई सराव झाला, त्यात अमेरिकन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन लढाऊ विमानं भारतात आली. यातल्या कशानेही अलिप्तता बुडाली असं तेव्हाच्या सरकारला वाटलं नाही, कारण गरज उघड होती आणि विमानं उघड्यावर होती.

मग १९९१मध्ये निर्णय कोणी घ्यायला हवा होता? आपल्या राज्यघटनेत परराष्ट्र व्यवहार कार्यकारी मंडळाच्या हाती आहे. परक्या विमानाला तेल देण्यासाठी संसदेचा ठराव लागत नाही. चंद्रशेखरांनी काही बेकायदा केलं असं मला तरी दिसत नाही. पण कायद्याने गरज नसणं आणि राजकारणाने गरज नसणं यात फरक आहे. साठ खासदारांच्या सरकारने हा निर्णय ज्यांच्या जिवावर उभं आहे त्यांना विश्वासात न घेता रेटणं म्हणजे काचेच्या घरात बसून दगडांशी खेळणं. तुर्कस्तानचं उदाहरण पुढचं आहे पण बोलकं आहे. १ मार्च २००३ रोजी अमेरिकन सैन्याला तुर्की भूमी वापरू देण्याचा प्रस्ताव तिथल्या संसदेत मताला टाकला गेला. बाजूने २६४, विरोधात २५० आणि १९ तटस्थ. हजर सदस्यांचं निम्म्याहून अधिक बहुमत न भरल्याने ‘हो’ जास्त असूनही प्रस्ताव पडला. आयर्लंडने उलट वाट धरली. शॅननच्या विमानतळावरून इराककडे जाणारे अमेरिकन सैनिक वर्षानुवर्षं जात राहिले. त्याविरुद्ध निवृत्त लष्करी अधिकारी एडवर्ड होर्गन न्यायालयात गेले. एप्रिल २००३च्या निकालात न्यायालयाने मान्य केलं की असं करणं तटस्थतेच्या आंतरराष्ट्रीय रूढीशी जुळत नाही, पण देशाच्या कायद्यापुढे ती रूढी चालत नाही, म्हणून सरकारला रोखायला नकार दिला. तिथे निदान वाद मोजलेल्या प्रवाशांवर आणि छापील हुकमांवर होता. आपल्याकडे सुरुवातच ‘उतरलं का?’ इथून झाली.

आता पैशाचा मुद्दा, जो या प्रकरणाभोवती कायम घोटाळतो. चंद्रशेखर मंत्रिमंडळातले वाणिज्य आणि कायदा मंत्री सुब्रमण्यम स्वामी यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे की इंधनाची परवानगी आणि नाणेनिधीच्या कर्जासाठी अमेरिकेचा पाठिंबा यांची सांगड होती. नाणेनिधीत सर्वांत जास्त मतं अमेरिकेची, कर्ज जानेवारीत, विमानंही जानेवारीत. बेरीज करायला मोह होतो. मी एवढंच म्हणेन की अशी सांगड कागदावर लिहायची गरजच नसते. ज्याच्या तिजोरीत तीन आठवड्यांचेही पैसे नाहीत, तो माणूस सावकाराच्या घरच्या गाडीला आपल्या अंगणात पाणी नाकारत नाही. सावकाराने ते मागायच्या आधी बादली भरलेली असते. आणि मला यात चंद्रशेखरांचा फार दोषही दिसत नाही. समाजवादी चळवळीत उभं आयुष्य काढलेल्या, कन्याकुमारीपासून दिल्लीपर्यंत पायी चाललेल्या माणसाला ही सही आनंदाने करावीशी वाटली असेल असं कोण म्हणेल?

फेब्रुवारीत काँग्रेसचा दबाव वाढला, संसदेचं अधिवेशन तोंडावर आलं आणि इंधन भरणं थांबलं. जमिनीवरची लढाई २४ फेब्रुवारीला सुरू झाली आणि २८ला संपली. अमेरिकेचं त्यामुळे काही अडलं नाही. आपल्याकडे मात्र अर्थमंत्री यशवंत सिन्हांना ४ मार्चला पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी हंगामी हिशेब मांडावा लागला. ६ मार्चला चंद्रशेखरांनी राजीनामा दिला. निमित्त होतं पाळत ठेवल्याच्या संशयावरून राजीव गांधींच्या घराबाहेर पकडलेल्या हरियाणाच्या दोन पोलीस शिपायांचं. ज्या सरकारला स्टारलिफ्टरने पाडलं नाही, ते दोन शिपायांवरून पडलं.

त्यानंतर क्लार्कवरून मुंबईकडे येणारी वाटच इतिहासजमा झाली. जून १९९१मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, क्लार्कचा तळ राखेखाली गेला आणि अमेरिकेने तो वर्ष संपायच्या आत सोडला. इकडे जुलैत रिझर्व्ह बँकेने ४७ टनांच्या आसपास सोनं गहाण ठेवण्यासाठी परदेशी पाठवलं. ते मुंबईहून, याच विमानतळावरून गेलं. फोर्टातून विमानतळाकडे जाताना सोन्याची गाडी वाटेत रुसून बसल्याचं अजून सांगितलं जातं. एका वर्षात एका धावपट्टीने तीन गोष्टी पाहिल्या: रिकाम्या हातांनी उतरलेली माणसं, तेल घेऊन उडालेले स्टारलिफ्टर आणि देशाबाहेर गेलेलं सोनं. मुंबईच्या इतिहासावर लिहिणाऱ्या कुणी या तीन गोष्टी एका पानावर मांडल्या पाहिजेत असं मला फार वाटतं. तिन्हींच्या मुळाशी कुवेतच आहे.

पुढच्या दशकांत सवय बदलत गेली. जानेवारी २००१च्या भूजच्या भूकंपानंतर अहमदाबादला पाकिस्तानी हवाई दलाचं सी-१३० मदत घेऊन उतरलं, तेव्हा कुणाला ते खटकलं नाही. त्याच वर्षी ११ सप्टेंबरनंतर वाजपेयी सरकारने अमेरिकेला आपण होऊन सहकार्य देऊ केलं. अमेरिकेने पाकिस्तानची वाट निवडली. दहा वर्षांत मागणारा आणि देणारा यांची जागा अशी पालटली.

कागदाची धार मात्र बोथट झाली नाही. जून २००९मध्ये दिएगो गार्सियाहून कंदाहारला अमेरिकन लष्कराचं सामान घेऊन निघालेलं भाड्याचं ॲन्टोनोव्ह-१२४ मुंबईला उतरवण्यात आलं. विमान नागरी, सामान लष्करी, आणि हवाई दलाचा क्रमांक नाही. चूक निस्तरेपर्यंत ते प्रचंड धूड सहारलाच बसून राहिलं. दोन-तीन महिन्यांत कोलकात्यात संयुक्त अरब अमिरातीच्या हवाई दलाचं चीनकडे निघालेलं सी-१३० अडकलं, कारण पोटात शस्त्रं होती आणि अर्जात ती सांगितलेली नव्हती. काही दिवसांनी सोडलं. आत काय आहे ते आपण उघडून बघत नाही असं मी वर म्हटलं, त्याला हा अपवाद. संशय आला की बघतातही.

१९९१मध्ये जे लपवावं लागलं, ते २०१६मध्ये करारात आलं. २९ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये भारत आणि अमेरिका यांनी लष्करी रसद-देवाणघेवाणीच्या करारावर सह्या केल्या. त्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘लेमोआ’. आपल्या बाजूची सही गोव्याच्या मनोहर पर्रीकरांची. इंधन, अन्न, पाणी, दुरुस्ती, सुटे भाग एकमेकांना द्यायचे आणि हिशेबाने फेडायचे. संयुक्त सराव, बंदरभेटी, आपत्तीतली मदत यांसाठी हे ठरलेलं. बाकी प्रसंगांत दर वेळी वेगळा विचार. आणि तळ द्यायचा नाही. म्हणजे १९९१सारखा प्रसंग पुन्हा आला तर लेमोआही आपोआप ‘हो’ म्हणत नाही, तेव्हाही कुणीतरी सही करावीच लागेल. काँग्रेसने आणि डाव्यांनी त्या करारावरही टीका केली, पण सरकार हललं नाही. सप्टेंबर २०२०मध्ये अमेरिकन नौदलाचं पी-८ गस्ती विमान पोर्ट ब्लेअरला इंधन घेऊन गेलं. एक दिवस बातमी झाली आणि विरली.

एप्रिल २०२१च्या अखेरीस करोनाच्या दुसऱ्या लाटेत अमेरिकेचं सी-५ गॅलेक्सी ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन दिल्लीत उतरलं. लोकांनी त्याचे फोटो आभार मानून एकमेकांना पाठवले. आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकन हवाई दलाचं सी-१७, म्हणजे जुन्या स्टारलिफ्टरचंच काम पुढे चालवणारं विमान, टेक्सासहून १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला आलं. बेकायदा राहिल्याबद्दल परत पाठवलेली ही माणसं. त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. त्यांच्या हातापायांतल्या बेड्यांवरून संसदेत गदारोळ झाला. विमान अमृतसरलाच का उतरवलं, असं पंजाबचे मुख्यमंत्री विचारत होते. लष्करी विमान का, असं विरोधक विचारत होते. त्या विमानाने परतीचं इंधन कुठे घेतलं, हा प्रश्न मात्र त्या सगळ्या आरडाओरड्यात मला कुठे ऐकू आला नाही.